गेन, बफर, बस, बाउन्स: कॉम्प्युटरवर गाणं रेकॉर्ड करताना या शब्दांचे नेमके अर्थ काय?

पहिलीपट्टी:
दोन इनपुटांचा यूएसबी ऑडिओ इंटरफेस, एक कंडेन्सर माईक आणि रीपर हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर. गाणं आणि अकूस्टिक गिटार एवढंच रेकॉर्ड करायचं आहे. सॉफ्टवेअर चालवता येतं, पण शब्दांपाशी गाडं अडतं.

१. गेन आणि व्हॉल्यूम दोन्हींनी आवाज वाढतो, मग दोन नावं कशाला? वरच्या सुरांवर आवाज फाटला, फेडर (ट्रॅकचा व्हॉल्यूम ठरवणारी सरकपट्टी) खाली ओढला तरी फाटलेलाच राहिला.
२. गाताना हेडफोनमध्ये स्वतःचा आवाज दोनदा येतो, दुसरा किंचित मागून. बफर कमी करा असं वाचलं, केला तर खरखर सुरू झाली.
३. रेकॉर्डिंग कापून जोडलं की सांध्यावर टक् वाजतं.
४. इन्सर्ट, सेंड आणि बस यांत फरक काय?
५. सेव्ह, रेंडर, बाउन्स, एक्स्पोर्ट हे सगळं एकच का? सेव्ह केलेली फाइल दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडली तर ट्रॅक दिसतात, आवाज नाही.

व्याख्या शोधायला गेलं की एका शब्दापायी आणखी तीन शब्द अंगावर येतात. कुणी क्रमाने सांगेल का?

तारजोडणी:
हे शब्द अकारविल्हे शिकायला गेलात तर असंच होणार. आवाज ज्या वाटेने जातो त्या वाटेवर एकेक शब्द ठेवून बघा: माईक, प्रीअँप, कन्व्हर्टर, ड्रायव्हर (इंटरफेस आणि कॉम्प्युटर यांना जोडणारं सॉफ्टवेअर), ट्रॅक, बस, मास्टर (सगळे ट्रॅक एकत्र होतात ती शेवटची जागा) आणि शेवटी फाइल. बिघाड कुठे झाला हेही मग त्याच वाटेवर शोधता येतं.

माईकमधून निघणारा सिग्नल अगदी क्षीण असतो, काही मिलिव्होल्टांचा. प्रीअँप तो वाढवतो, आणि किती वाढवायचा हे ज्या नॉबने ठरतं तो गेन. त्यापुढचा कन्व्हर्टर या सिग्नलची सेकंदाला हजारो वेळा मोजणी करून त्याचे आकडे बनवतो. सेकंदाला ४८,००० मोजण्या झाल्या तर सॅम्पल रेट ४८ किलोहर्ट्झ. प्रत्येक मोजणी किती बारकाईने लिहिली जाते ती बिट डेप्थ. एका बिटामागे साधारण ६ डेसिबलचा पल्ला मिळतो, म्हणून १६ बिटांना ९६ आणि २४ बिटांना कागदावर १४४ डेसिबल.

तुमचा आवाज फाटला तो इथे, कन्व्हर्टरपाशी. डिजिटल मीटरवर शून्य म्हणजे छत, म्हणून त्याखालचे सगळे आकडे उणे असतात. सिग्नल छताला टेकला की लाटेचा माथा सपाट छाटला जातो आणि तसाच फाइलमध्ये लिहिला जातो. याला क्लिपिंग म्हणतात. फेडर त्या वाटेवर पुष्कळ पुढे बसलेला आहे. तो फक्त छाटलेली लाट हळू वाजवतो, माथा परत आणत नाही.

गेन लावायची पद्धत: माईक जोडा, हेडफोनचा आवाज बंद ठेवा, मग ४८ व्होल्टची फँटम पॉवर चालू करा (कंडेन्सरला ती लागतेच). माईकपासून १५ ते २० सेंटीमीटरवर उभे राहा. गाण्यातली सगळ्यात जोरकस ओळ पूर्ण दमाने गा, आणि मीटरची उंच उडी उणे १२ ते उणे १० च्या आसपास राहील असा गेन ठेवा. तपासताना माणूस हात राखून गातो आणि खऱ्या टेकला जोर चढतो, म्हणून वर एवढी मोकळी जागा हवी. तिला हेडरूम म्हणतात. २४ बिटांत मुळातली खरखर इतकी खाली असते की मीटर शून्याजवळ नेण्याचा काहीच फायदा नाही.

अजून एक. इंटरफेसवरचा लाल दिवा आणि सॉफ्टवेअरमधल्या ट्रॅकचा लाल दिवा यांचा अर्थ एक नाही. आजची बहुतेक सॉफ्टवेअरं आतलं गणित ३२ किंवा ६४ बिट फ्लोटिंग पॉइंटमध्ये करतात, त्यात शून्याच्या वर गेलेला आकडा जसाच्या तसा टिकतो. एखाद्या ट्रॅकचं मीटर मिक्स करताना लाल झालं तर फेडर खाली घ्या, काही बिघडलेलं नसतं. मास्टरचं मीटर शून्याखाली ठेवा, कारण तिथून पुढे साधी २४ किंवा १६ बिटांची फाइल बनते आणि तिला पुन्हा छत असतं. इंटरफेसचा दिवा लाल झाला असेल तर मात्र तो टेक पुन्हा गा.

मंद्रसप्तक:
दुसऱ्या मुद्द्याचं बघू. आवाज दोनदा येतो याचा अर्थ तो दोन वाटांनी येतोय. इंटरफेसवर डायरेक्ट मॉनिटरिंगचं बटण असतं. ते चालू असलं की माईकचा आवाज कॉम्प्युटरमध्ये न जाता थेट हेडफोनकडे वळतो. त्याच वेळी रीपरमध्ये त्या ट्रॅकचं रेकॉर्ड मॉनिटरिंग चालू असेल तर तोच आवाज कॉम्प्युटरला वळसा घालून मागाहून पोचतो. दोन्हींपैकी एक बंद करा.

वळसा घालायला लागणारा वेळ म्हणजे लेटन्सी, आणि तिचा मोठा वाटा बफरचा. कॉम्प्युटर एकेक सॅम्पल हाताळत नाही, ठरावीक सॅम्पलांचा गठ्ठा जमला की एकदम उचलतो. तो गठ्ठा म्हणजे बफर. ४८ किलोहर्ट्झला १२८ सॅम्पलांचा गठ्ठा जमायला २.७ मिलिसेकंद लागतात, २५६ ला ५.३, ५१२ ला १०.७ आणि १०२४ ला २१.३. हा एका बाजूचा हिशेब झाला. येताना एक आणि जाताना एक असे दोन बफर धरा, वर कन्व्हर्टर आणि ड्रायव्हरचे थोडे मिलिसेकंद.

बफर लहान केला की गठ्ठे लवकर लवकर येतात, आणि प्रोसेसरला पहिला हातावेगळा करायच्या आत दुसरा येऊन पडतो. मधे आकडेच नसलेली पोकळी राहते, तीच तुम्ही ऐकलेली खरखर. म्हणून बफरचा आकडा कायमचा ठरवून ठेवायचा नसतो. गाताना ६४ किंवा १२८ ठेवा आणि जड प्लगइन (आवाजावर प्रक्रिया करणारी जोड-सॉफ्टवेअरं) बंद करा, मिक्स करताना १०२४ वर न्या. तेव्हा २० मिलिसेकंदांनी कुणाचं काही अडत नाही. डायरेक्ट मॉनिटरिंगवर गाणार असाल तर रेकॉर्डिंगलाही मोठा बफर चालतो, फक्त रिव्हर्बसारखा (खोलीत आवाज घुमल्याचा) सॉफ्टवेअरचा इफेक्ट गाताना ऐकू येणार नाही.

विंडोजवर असाल तर सेटिंगमध्ये इंटरफेसच्या कंपनीचा एएसआयओ ड्रायव्हर निवडलाय ना ते बघा. विंडोजच्या सर्वसाधारण ड्रायव्हरवर बफर कितीही खाली आणला तरी लेटन्सी सहसा तेवढी उतरत नाही. मॅकवर कोअर ऑडिओ मुळातच असतो.

एक गोष्ट बहुतेक ठिकाणी सांगायची राहून जाते. ऐकू येणारी लेटन्सी आणि रेकॉर्ड झालेला आवाज मागे पडणं या दोन वेगळ्या तक्रारी आहेत. सॉफ्टवेअर ड्रायव्हरला उशीर विचारतं आणि रेकॉर्डिंग तेवढं आधी सरकवून ठेवतं. ड्रायव्हरने चुकीचा आकडा सांगितला तर प्रत्येक नवा ट्रॅक ठेक्याच्या मागे पडतो, आणि गायक उगाच स्वतःच्या तालाला दोष देत बसतो. तपासायला इंटरफेसच्या आउटपुटमधून केबल काढून त्याच्याच इनपुटला लावा (मॉनिटरिंग बंद ठेवून), एका ट्रॅकवरचा क्लिक वाजवा, दुसऱ्यावर तो रेकॉर्ड करा आणि दोन्ही लाटा मोठ्या करून बघा. नवी लाट १४० सॅम्पल मागे दिसली तर ४८ किलोहर्ट्झला ती २.९ मिलिसेकंदांची चूक. तो आकडा रेकॉर्डिंग ऑफसेटमध्ये भरला की प्रश्न मिटतो.

कातरकाम:
संपादनाचं मी सांगतो.

आधी नावांचा घोळ. रेकॉर्ड झालेल्या आवाजाचा जो लांबट ठोकळा ट्रॅकवर दिसतो त्याला रीपर आयटम म्हणतं, लॉजिक रीजन, क्यूबेस इव्हेंट, एबलटन क्लिप. वस्तू एकच. ती म्हणजे आवाज नव्हे, आवाजाच्या फाइलवर उघडणारी खिडकी. तुम्ही कापता, आखूड करता तेव्हा खिडकीची चौकट हलते, डिस्कवरची फाइल पूर्ण शाबूत असते. म्हणून कापलेल्या ठोकळ्याची कड ओढली की गेलेला आवाज परत येतो. याला नॉन-डिस्ट्रक्टिव्ह संपादन म्हणतात. तुमच्या पाचव्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथेच आहे: रीपरच्या प्रोजेक्ट फाइलमध्ये फक्त खिडक्यांचा नकाशा असतो. आवाजाच्या फाइल्स वेगळ्या असतात, त्या मागे राहिल्या. सेव्ह अ‍ॅज करताना मीडिया प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये कॉपी करण्याचा पर्याय निवडा आणि अख्खा फोल्डर द्या. एबलटनमध्ये याच कामाला कलेक्ट ऑल अँड सेव्ह आहे. आणि फोल्डरमधली नको वाटणारी वेव्ह फाइल कधी परस्पर डिलीट करू नका. तिच्यावर कुठली खिडकी उघडते हे नावावरून कळत नाही.

आता टक्. लाट शून्य रेषेच्या वरखाली हलत असते. कापताना ती वर असेल आणि पुढचा तुकडा खालून सुरू होत असेल तर स्पीकरच्या पडद्याला एका क्षणात उडी मारावी लागते, ती टक् अशी ऐकू येते. उपाय क्रॉसफेड: पहिला तुकडा विरत असताना दुसरा चढत येतो. गाण्याच्या सांध्याला ५ ते २० मिलिसेकंद सहसा पुरतात. क्रॉसफेडचा आकार नेहमी इक्वल पॉवर ठेवा.

पण क्रॉसफेडपेक्षा कुठे कापता याला जास्त महत्त्व आहे. क, ट, त, प ही स्पर्श व्यंजनं उच्चारताना तोंड क्षणभर पूर्ण बंद होतं, त्यामुळे अक्षर फुटायच्या आधी एक छोटी शांतता असते. तिथे कापा, सांधा कुणालाही सापडणार नाही. श्वासाच्या आधी कापलंत तर तो श्वास पुढच्या तुकड्यासोबत ठेवा, कारण तो पुढच्या ओळीसाठी घेतलेला असतो. लांबवलेल्या आकाराच्या मधोमध कापणं टाळा, तिथे सूर आणि स्वराचा रंग दोन्ही जुळावे लागतात.

टेक म्हणजे एकाच भागाचा एकेक प्रयत्न. चार टेकांमधून चांगल्या ओळी निवडून एक सलग गाणं जुळवलं की ते कॉम्प, आणि त्या जुळवणीला कॉम्पिंग म्हणतात. पंच इन म्हणजे चालू गाण्यात ठरावीक जागी रेकॉर्डिंग सुरू होणं, पंच आउट म्हणजे थांबणं. पंच करताना दोन मात्रांचा तरी प्री-रोल (रेकॉर्डिंगआधी वाजणारा गाण्याचा भाग) ठेवा आणि आधीच्या ओळीपासून गात या. थेट चुकलेल्या शब्दापासून सुरुवात केली तर आवाजाचा जोर जुळत नाही.

शून्यडीबी:
कातरकाम यांचं स्पर्श व्यंजनांचं सांगणं लाखमोलाचं. फक्त "नेहमी इक्वल पॉवर" हे बरोबर नाही. त्यात मध्यबिंदूवर दोन्ही तुकडे ३ डेसिबल खाली असतात. दोन वेगळे टेक जोडताना हेच हवं. पण दोन्ही बाजूंना तोच आवाज असेल, म्हणजे एकच टेक कापून पुन्हा तिथेच जोडला असेल, तर दोन सारख्या लाटा पूर्ण भरीने एकमेकींत मिळतात आणि मधे ३ डेसिबलचा उंचवटा तयार होतो. तिथे सरळ रेषेचा इक्वल गेन लावा: मध्यावर दोन्ही बाजू ६ डेसिबल खाली, बेरीज बरोबर मूळ पातळीवर. उलट, वेगळ्या टेकांना इक्वल गेन लावला तर मधे सुमारे ३ डेसिबलचा खड्डा पडतो.

कातरकाम:
बरोबर, माझं वाक्य कॉम्पिंगपुरतं धरावं. एकाच टेकमधला श्वास किंवा खोकला काढून कडा जुळवतानाही इक्वल पॉवरच, कारण तिथे दोन्ही बाजूंचा आवाज वेगळा असतो.

पहिलीपट्टी:
डायरेक्ट मॉनिटरिंग बंद केल्यावर दुहेरी आवाज गेला. आता नवी अडचण: गाणं फक्त डाव्या कानात येतंय. तो ट्रॅक कॉपी करून उजवीकडे टाकला तर स्टिरिओ होईल ना? आणि चौथा प्रश्न अजून बाकी आहे.

तारजोडणी:
ट्रॅकच्या इनपुटला स्टिरिओ जोडी निवडली गेली आहे. इनपुट १ डावीकडे, इनपुट २ उजवीकडे, आणि दुसऱ्यात काहीच जोडलेलं नाही. इनपुट मोनो १ करा. एक माईक म्हणजे मोनो, तो पॅन (डावी-उजवी जागा) मधोमध ठेवला की दोन्ही कानांत सारखा येतो.

कॉपी करून स्टिरिओ होत नाही. डावीकडे आणि उजवीकडे हुबेहूब तीच लाट असेल तर कानाला ती मधूनच आल्यासारखी वाटते, नुसती मोठी. रुंदी हवी असेल तर तीच ओळ खरोखर दुसऱ्यांदा गाऊन घ्या. दोन गाण्यांत जे बारीक फरक राहतात त्यांनीच रुंदी येते, याला डबलिंग म्हणतात.

पुढे गिटारला दोन माईक लावाल तेव्हा फेज (दोन लाटांचे चढउतार एकमेकींशी कसे जुळतात ते) हा शब्द भेटेल. आवाज एका मिलिसेकंदात साधारण ३४ सेंटीमीटर जातो. एक माईक दुसऱ्यापेक्षा १७ सेंटीमीटर लांब असेल तर अर्ध्या मिलिसेकंदाचा फरक पडतो, आणि दोन्ही एकत्र केले की १ किलोहर्ट्झजवळचा आवाज कापला जाऊन गिटार पोकळ ऐकू येते. दोन्ही ट्रॅक मोनोत ऐका, माईक थोडा हलवा, पुन्हा ऐका. पोलॅरिटीचं बटण लाट फक्त उलटी करतं, हा उशीर त्याने जात नाही.

मंद्रसप्तक:
इन्सर्ट आणि सेंड. इन्सर्टमध्ये ट्रॅकचा सगळा आवाज त्या प्लगइनमधून जातो आणि बदलून बाहेर पडतो. ईक्यू (जाड-बारीक आवाज कमीजास्त करणारा) आणि कॉम्प्रेसर (मोठा आवाज दाबणारा) तिथे बसतात. सेंडमध्ये मूळ वाट तशीच चालू राहते आणि कालव्याला पाट फुटावा तशी आवाजाची एक प्रत वेगळी निघते. ती जिथे जाऊन मिळते ती बस. अनेक ट्रॅकांचे पाट एका बसमध्ये येऊ शकतात.

रिव्हर्ब सेंडवर ठेवायचा तो यासाठीच. एका बसवर एकच रिव्हर्ब लावा, गाणं आणि गिटार दोन्हींचे सेंड तिकडे न्या: प्रोसेसरवरचा भार कमी, आणि दोन्ही आवाज एकाच खोलीतले वाटतात. बसवरच्या रिव्हर्बचा वेट (इफेक्टचा आवाज) १०० टक्के आणि ड्राय (मूळ आवाज) शून्य हवा. ड्राय राहिला तर सेंड वाढवताना मूळ आवाजही वाढतो, मग रिव्हर्ब किती झालाय याचा अंदाजच येत नाही. सेंड पोस्ट-फेडर ठेवा, म्हणजे गाण्याचा फेडर खाली केल्यावर त्याचा रिव्हर्बही खाली येईल. प्री-फेडर मुख्यतः गायकाच्या हेडफोनसाठी वेगळा मिक्स काढताना लागतो.

कॉम्प्रेसरचे शब्द एका उदाहरणात बसतात. थ्रेशोल्ड उणे २०, रेशो ४:१, आणि आवाज आला उणे ८. म्हणजे उंबरठ्याच्या १२ डेसिबल वर. चारास एक या हिशेबाने त्यातले ३ उरतात, बाहेर पडतं उणे १७. कापले गेले ९ डेसिबल, मीटरवर गेन रिडक्शन म्हणून दिसतात तेच. गाण्याला ९ म्हणजे बरेच झाले, ३ ते ६ मध्ये राहा. अटॅक म्हणजे दाबायला लागणारा वेळ. तो फार कमी ठेवला तर अक्षरांची धार जाते. रिलीज म्हणजे सोडायला लागणारा वेळ. तो फार कमी असेल तर दोन शब्दांमधला श्वास एकदम वर उसळतो. मेक-अप गेनने सगळंच मोठं होतं आणि मोठं ते चांगलं वाटतं, म्हणून तुलना करताना आधी आणि नंतरचा आवाज सारख्या पातळीवर आणा. माझ्या मते नवशिक्यांचे कॉम्प्रेसरबद्दलचे निम्मे निर्णय इथेच फसतात.

शून्यडीबी:
आता पाचवा. सेव्ह म्हणजे नकाशा जपणं. रेंडर, बाउन्स, एक्स्पोर्ट, मिक्सडाउन या चारही नावांनी शेवटी तेच होतं: सगळे ट्रॅक, फेडर, प्लगइन यांचा हिशेब करून ऐकता येईल अशी फाइल लिहिली जाते. रीपर त्याला रेंडर म्हणतं, लॉजिक बाउन्स, ऑडॅसिटी एक्स्पोर्ट. फ्रीझ जरा निराळा: एकाच ट्रॅकची तात्पुरती फाइल बनते आणि त्याचे प्लगइन विसावतात. प्रोसेसर दमला की उपयोगी, नंतर उलटवता येतं.

मिक्स रेंडर करताना प्रोजेक्टचाच सॅम्पल रेट आणि २४ बिट वेव्ह ठेवा. १६ बिटांची फाइल मागितली तर डिदर चालू करा आणि तेही एकदाच, अगदी शेवटच्या पायरीला. डिदर म्हणजे मुद्दाम मिसळलेली अतिशय बारीक खरखर. ती नसेल तर बिट कमी करताना विरत जाणारे शेवटचे सूर कुरकुरीत होतात.

सॅम्पल रेट सुरुवातीलाच ठरवा. ४४.१ ची फाइल रूपांतर न करता ४८ समजून वाजवली गेली तर गाणं जवळजवळ ९ टक्के जलद होतं आणि सूर सुमारे दीड सेमीटोन वर चढतो. "आवाज बारीक का झाला" या तक्रारीमागे बहुधा हेच असतं. ९६ वर काम केलं तर फाइल्स दुप्पट होतात. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, मोनो यात एका मिनिटाला ८.६ एमबी जातात, आणि माणसाच्या कानाच्या २० किलोहर्ट्झच्या मर्यादेला ४८ पुरतं.

नॉर्मलाइझ करण्याच्या मोहात पडू नका. पीक नॉर्मलाइझ सगळ्यात उंच टोक बघून पूर्ण फाइल वर उचलतं, गाणं कानाला किती मोठं वाटतं याच्याशी त्याचा संबंध नाही. त्यासाठी एलयूएफएस हे माप आहे. स्पॉटिफाय साधारण उणे १४ एलयूएफएसला सगळी गाणी आणतं, म्हणजे त्याहून मोठं केलेलं गाणं तिथे हळू करूनच वाजतं. ट्रू पीक (दोन मोजण्यांच्या मधली टोकंही धरून काढलेली सर्वोच्च पातळी) उणे १ च्या वर नेऊ नका, कारण एमपी३सारख्या फाइलमध्ये रूपांतर होताना टोकं थोडी वर सरकतात.

पहिलीपट्टी:
शेवटचं. मिक्स दुसऱ्याकडून करून घ्यायचं आहे, त्यांच्याकडे रीपर नाही. "स्टेम्स पाठवा" म्हणालेत. एक ट्रॅक व्हर्च्युअल पियानोचाही आहे.

कातरकाम:
आधी विचारून घ्या त्यांना नेमकं काय हवंय. काटेकोर बोलायचं तर स्टेम म्हणजे गटाची फाइल, उदाहरणार्थ सगळ्या गायनाची मिळून एक. सुटे ट्रॅक म्हणजे मल्टिट्रॅक. बरेच जण दोन्हींना स्टेम्सच म्हणतात, आणि मिक्ससाठी बहुधा सुटेच हवे असतात.

प्रत्येक फाइल प्रोजेक्टच्या शून्यापासून शेवटपर्यंत रेंडर करा, मधे दोन मिनिटं शांतता असली तरी. सगळ्या फाइल्स एका रेषेत टाकल्या की आपोआप जुळतात. मोनो ते मोनोच ठेवा, मास्टरवरचे प्लगइन बंद करा, कॉम्प आणि क्रॉसफेड मात्र पक्के करून द्या. पियानोचा ट्रॅक मिडी आहे: कुठला सूर, कधी, ० ते १२७ पैकी किती जोराने, एवढ्याच सूचना, त्यात आवाज नाही. त्याची वेव्ह करून पाठवा, सोबत मिडी फाइलही द्या. फाइलच्या नावात क्रमांक, वाद्य आणि टेम्पो लिहा, जसं "०३ गिटार ९२ बीपीएम". पाठवायच्या आधी एका रिकाम्या प्रोजेक्टमध्ये सगळ्या फाइल्स टाकून एकदा पूर्ण वाजवून बघा.